नाव न घेता मांडलेला वाडगा

गुलकानला तलवार आवरता यायची, तोंड आवरता यायचं नाही. खालच्या मैदानातल्या दोन-तीन राजांची चाकरी तिनं गमावली ती याच पायी. एकाला तर तिनं भर दरबारात विचारलं होतं, की महाराज, लढाई चालू असताना आपण नेमके कुठे असता? खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं होतं, पण राजाला ते पटलं नाही. तिची आई म्हणायची, हिच्या तोंडात जीभ नाही, गळ आहे. समोरच्याच्या पोटातलं काहीतरी ओढून काढल्याशिवाय बाहेर येत नाही.

असल्या बाईनं लिपानालीच्या आठवड्यात घरी येऊच नये. पण ती आली. वाटेत दरड कोसळून खिंड बंद झाली होती, म्हणून आठवडा सरता सरता, शेवटच्या दिवशी सकाळी ती लाखमूर गावात पोचली.

लिपानालीत आमच्या डोंगरातल्या घरोघरी मेलेली माणसं जेवायला येतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बाकाची वरची बाजू त्यांच्यासाठी मोकळी सोडायची, ज्याचं-त्याचं नाव घेऊन वाडगा मांडायचा आणि वाफ निघते तोवर आपण उभं राहायचं. वाफ त्यांची, अन्न आपलं. शेवटच्या दिवशी सूर्य शिखरावरून उतरला की दार उघडून त्यांना निरोप द्यायचा. नियम एकच, कुणाला काही विचारायचं नाही. जिवंत पाहुण्यालाही आपण उंबऱ्यात उभं करून तू कोण, कुठला, कशाला आलास असं विचारत नाही. मग ही तर इतक्या लांबून चालत आलेली घरची माणसं.

दारातला कुत्रा भुंकला नाही. शेपूट पोटाशी घेऊन भिंतीला चिकटून बसला होता.

“वन्सं! आलात तुम्ही!” भावजय खातुना धावत आली आणि गुलकानच्या गळ्यातच पडली. तिचे हात गारठलेले होते.

“घरात एवढं गार का गं? लाकडं संपली?”

“लाकडं मायंदाळ आहेत. दोन्ही वेळा चूल फुलून असते. पण ऊबच धरत नाही हो. आणि इया उठत नाही.”

इया म्हणजे गुलकानची भाची. पोरगी चुलीपाशी मेंढीच्या कातड्यांच्या ढिगात पडली होती. ओठ निळे पडलेले, पण डोळे टकाटका.

“आत्या, तुझ्या तलवारीनं किती माणसं मेली?”

“मोजत बसले असते तर मीच मेले असते. तुला काय होतंय ते सांग.”

“काही नाही. गार वाटतं, पण बरं वाटतं. काका हात धरून बसतात ना, म्हणून.”

“कोण काका?”

खातुनानं मागून तिच्या अंगरख्याला हिसका दिला. गुलकाननं कसंबसं तोंड मिटलं. इया मात्र सांगून मोकळी झाली, “तेच, दाढीत बर्फ असलेले.”

गुलकानचा धाकटा भाऊ सोझार अंगणात लाकडं फोडत होता. रेड्यासारखे खांदे, आणि नजर कायम जमिनीवर. बहीण इतक्या वर्षांनी आली, तरी कुऱ्हाड बाजूला ठेवून त्यानं तिला नीट मिठीसुद्धा मारली नाही.

“पोरगी मरायला टेकली आहे आणि तू लाकडं फोडतोस?”

“संध्याकाळी निरोप झाला की सगळं ठीक होईल, ताई. सगळे आपापल्या वाटेनं जातील.”

“सगळे म्हणजे कोण कोण?”

“आजच्या दिवस तरी तोंडाला कुलूप घाल. तुझ्या पाया पडतो.”

गुलकानला राग आला, पण रागापेक्षा जास्त तिला विचारायची खाज सुटली. सोझार लहानपणी खोटं बोलताना कानाची पाळी ओढायचा. आता कुऱ्हाड हातात असल्यामुळे त्याला पाळी ओढता येत नव्हती, एवढाच फरक.

दुपारचं वाढायला खातुनानं सुरुवात केली. उंबऱ्यावर जवाचं पीठ भुरभुरून ठेवलेलं, त्यावर पावलं उमटत होती आणि विरत होती. खातुना एकेक वाडगा ठेवून नाव घेत गेली: सासरे गेर्वास, आजेसासरे, लहानपणी गेलेला दीर, बाळंतपणात गेलेली चुलतसासू. सगळ्या वाडग्यांतून वाफा निघत होत्या. बाकाच्या टोकाला, इयाच्या अंथरुणालगत एक वाडगा होता, तिथे ती काहीच बोलली नाही. त्यात कढत रस्सा ओतल्या ओतल्या वाफ नाहीशी झाली आणि वर पापुद्रा धरला. गुलकाननं बोट लावून पाहिलं. बर्फ होता.

“हा कुणाचा?” तिनं कुजबुजत विचारलं. मेलेल्यांना विचारायला बंदी होती, भावजयीला विचारायला नव्हती.

खातुनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “चुकलं माझं, वन्सं. पहिल्या दिवशी मांडामांड करत होते, तर खिडकीतून समोरच्या घराचा बुरूज दिसला. शाल्बियान्यांचा. ना धूर, ना दिवा. मनात आलं, त्यांच्या मेलेल्यांना कोण वाढणार? म्हणून एक वाडगा जास्तीचा मांडला.”

“नाव न घेता?”

“वैऱ्याचं नाव आपल्या चुलीपाशी कसं घेऊ?”

मायेपोटी माणूस असा फसतो. नाव घेतलं असतं, तर ते नाव जेवून निमूट उठलं असतं. नाव न घेता वाडगा मांडला, की तो ज्याला सापडेल त्याचा. आणि नाव घेऊन बोलावलंच नाही, त्याला नाव घेऊन निरोप तरी कसा देणार?

गुलकानचं तोब्रियानी घराणं आणि समोरचे शाल्बियानी यांचं वैर कुणाच्या आठवणीत मावणार नाही इतकं जुनं. एका बैलावरून लागलं म्हणतात. त्या बैलाचा रंग कोणता होता यावरही दोन्ही घरांचं कधी एकमत झालं नाही. इकडचा एक पडला की तिकडचा एक. गेर्वासला शाल्बियान्यांच्या थोरल्यानं मारलं, थोरल्याला गेर्वासच्या पुतण्यानं. शेवटी त्या घरात आन्सोर नावाचा एकटा जीव उरला होता. एका हिवाळ्यात तोही दिसेनासा झाला. खाली मैदानात पोट भरायला गेला असेल, असं म्हणून गावानं विषय सोडून दिला.

आता गुलकानची तलवार. त्राब्झोनच्या बाजारात एका लोहारानं तिला ती विकली, तेव्हा सांगितलं होतं की पात्याच्या एका बाजूला पाद्र्यानं मंत्र कोरलाय आणि दुसऱ्या बाजूला मांत्रिकानं, म्हणजे देव असो की सैतान, कुणाला तक्रारीला जागा नको. गुलकाननं त्यातलं निम्मंच खरं धरलं होतं. पण या पात्याच्या आरशात डोळ्यांना न दिसणारं दिसतं, हे तिनं अनुभवलं होतं.

तिनं म्यानातून वीतभर पातं उपसलं आणि त्यात पाहिलं.

बाकावर पंगत बसली होती. तिचे वडील वाडग्यावर वाकून डोळे मिटून वाफ ओढत होते, अगदी जिवंतपणी रश्श्याचा वास घ्यायचे तसे. बाबा, मी आलेय, असं ओरडावंसं वाटलं तिला. मग तिनं पातं तिरकं केलं. टोकाला एक धिप्पाड माणूस बसला होता. चेहऱ्यावर, दाढीवर, छातीवर बर्फाचं कवच, त्यामुळे ओळख पटेना. त्यानं वाडग्याला हातही लावला नव्हता. तो हात इयाच्या मनगटावर होता.

पुढचं गुलकाननं विचार न करता केलं. मैदानात ज्या कामाचे तिला पैसे मिळायचे, तेच. पातं सर्रकन बाहेर आलं आणि त्या मनगटावर बसलं.

भुसभुशीत बर्फातून फावडं जावं तसं ते आरपार गेलं. किंचाळली ती इया. पोरीच्या मनगटावर रक्ताची लाल रेघ उमटली होती.

“डोकं फिरलंय तुझं?” सोझारनं तिला भिंतीवर ढकललं. “मेलेल्यांच्या पंगतीत पातं काढतेस?”

“तो पोरीचा हात धरून बसलाय रे!”

“त्यांना नको मारू ना आत्या,” इया हुंदके देत म्हणाली. “त्यांना लागलं की मला लागतं. मी आज त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांची चूल पेटत नाही. मी त्यांच्या घरची झाले की पेटेल, म्हणतात.”

खातुनानं ऊर बडवायला सुरुवात केली. “दार उघडायचंच नाही! आज निरोप नको न् काही नको!”

“आणि बाबा? आजोबा?” सोझार म्हणाला. “ते सगळे आत कोंडले जातील. पुढच्या हिवाळ्यापर्यंत उपाशी फिरतील घरात.” त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

गुलकान त्याच्याकडे बघत राहिली. पोरगी म्हणते मी परक्याच्या घरी जाणार, आणि बाप विचारत नाही, कुणाच्या?

“इया,” ती म्हणाली, “कुठलं गं घर?”

“समोरचं.”

“ताई, तिकडे जाऊ नकोस,” सोझार घाईघाईनं म्हणाला. हे ऐकल्यावर ती थांबणं शक्यच नव्हतं. चुलीवरून एक गरम कुबदारी उचलून तिनं खिशात घातली, कारण मांसाच्या पोळीशिवाय ती कुठल्याच मोहिमेवर जात नसे, आणि ओढा ओलांडून निघाली.

शाल्बियान्यांच्या बुरुजाचं दार गुडघाभर बर्फात रुतलं होतं. ऊन अजून होतं, आकाश निळंशार, आणि दाराच्या फटीतून मात्र अशी हवा येत होती की नाकातला श्वास गोठावा. गुलकाननं खांदा लावून दार रेटलं. मागे फिरावं असंही वाटलं, खोटं कशाला सांगा. पण आत काय आहे ते न बघता मागे फिरले तर जन्मभर झोप लागायची नाही, हे तिला ठाऊक होतं.

आत काही नव्हतं. गोठलेली चूल, मोडका बाक, छताला लटकलेली साखळी. तिनं तलवार काढून पात्यात पाहिलं.

चुलीभोवती खच्चून गर्दी होती. म्हातारे, बाया, कडेवर पोरं, जखमा उघड्या पडलेले तरणेताठे गडी. एवढ्या वर्षांच्या वैरात पडलेलं अख्खं घराणं तिथे दाटीवाटीनं बसलं होतं. सगळ्यांचे हात राखेवर धरलेले. गालफडं बसलेली, डोळे खोल. कुणीही हलत नव्हतं. मग एकेक करून त्यांनी माना वळवल्या.

पुढच्या क्षणी ते तिच्या अंगावर होते. दिसत काही नव्हतं, पण पायाला, दंडाला, गळ्याला गारठा मिठ्या मारत चढत होता. गुलकाननं तलवार फिरवली, एकदा, पुन्हा, गरागरा. ती उत्तम फिरवायची; मैदानातले राजे काही उगाच पैसे देत नव्हते. पण पातं हवेतून जात होतं आणि हवेला त्याचं काहीच वाटत नव्हतं. गुडघे टेकले. पापण्या चिकटायला लागल्या. छातीत श्वास मावेना.

“अरे, पण तुम्हाला हवंय तरी काय?” ती ओरडली.

गारठा थबकला.

तिच्या लक्षात आलं, हे तिनं आधीच विचारायला हवं होतं. बोटं वळत नव्हती. तिनं दातांनी खिसा ओढून कुबदारी काढली आणि जमिनीवर टाकली. गारठा तिला सोडून तिकडे धावला. पोळीतली वाफ एका क्षणात संपली, पोळीचा दगड झाला.

“आग,” म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, अगदी कानाशी. “आग दे गं, लेकी.”

गुलकाननं चकमक काढली. ठिणग्या भरपूर पडल्या. कोरडा कापूस, कोरडी काटकी, तरी काही पेटेना. ठिणगी पडायची आणि विझायची.

“तुझ्या हातानं नाही पेटायची,” म्हातारी म्हणाली. “तू तोब्रियान्यांची. ही चूल आमच्या घरच्याच हातानं पेटते. आणि हात कुठे उरलाय? आन्सोर आणतोय एक. छोटा आहे, पण चालेल.”

“आन्सोर? तो तर मैदानात गेला.”

म्हातारी हसली की रडली कळलं नाही. “मैदानात? तो वरच्या हिमनदीच्या भेगेत आहे. त्याला विचार ना, कसा गेला ते. आम्हाला कुणीच काही विचारत नाही.”

गुलकान धावत सुटली. सूर्य शिखराला टेकला होता.

ओढ्यापलीकडे तिच्या घराचं दार सताड उघडं होतं. सोझार मशाल घेऊन अंगणात उभा होता, आणि ज्या नावांनी वाडगे मांडले त्याच नावांनी निरोप देत होता. पिठावर पावलं उमटत होती, बाहेरच्या दिशेनं. सगळ्यात शेवटी इया आली. आठवडाभर न उठलेली पोरगी अनवाणी चालत होती, एक हात वर करून, कुणी मोठ्या माणसानं धरावा तसा. खातुना तिला कवळून मागे ओढत होती आणि स्वतःच फरपटत येत होती.

गुलकान उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

“पाहुण्या,” ती मोठ्यानं म्हणाली, “तू कोण? कुणाच्या घरचा? आणि कसा मेलास?”

सोझारच्या हातातली मशाल खाली आली. लिपानालीत असं कुणी कधी विचारलं नव्हतं. आपण सभ्य आहोत म्हणून विचारत नाही, असं आम्ही सांगतो. खरं कारण असं, की विचारलं तर मेलेल्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि त्याला खोटं बोलता येत नाही.

हवा दाटली आणि तो सगळ्यांना दिसला. चेहऱ्यावरचं बर्फ तडकून खाली पडलं.

“आन्सोर शाल्बियानी,” तो म्हणाला. आवाज शांत होता. “थोरला गेला त्या हिवाळ्यात मी तुमच्या घरी यायला निघालो होतो. तलवार घरी ठेवली होती. ओढ्यापाशी मागून पाठीत खंजीर बसला. मग मला हिमनदीच्या भेगेत ढकललं. थडगं नाही, नावाची हाक नाही. या वेळी कुणीतरी बिननावाचा वाडगा मांडला, म्हणून राहिलेली वाट पुरी केली.”

“कुणी मारलं?” गुलकाननं विचारलं. उत्तर तिला कळून चुकलं होतं.

आन्सोरनं बोट उचललंसुद्धा नाही. सोझार अंगणातल्या बर्फात मटकन बसला होता.

“मी खून करून ओरडून सांगायला हवं होतं,” तो पुटपुटला. “रीत आहे तशी. पण त्याच्या कमरेला तलवार नव्हती, ताई. उताणं केल्यावर दिसलं मला. नि:शस्त्र माणूस मारला, हे कोणत्या तोंडानं सांगू?”

गुलकानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मशालीच्या उजेडात इयाचे ओठ आता काळे दिसत होते, आणि शिखरावर उन्हाचा एवढासा पट्टा उरला होता.

“आन्सोर, तुला घरात एक हात हवाय. चूल पेटवणारा.”

“तुम्ही आमचं घर संपवलंत. एक माणूस देणं लागता.”

“लागतो. ही पोर नको. मला घे.”

“ताई!” सोझार किंचाळला. “तू शाल्बियानी झालीस तर... माझ्या रक्तावर तुझा हक्क होईल! तुला मला मारावं लागेल!”

“ते मला कळत नाही असं वाटतंय तुला?” गुलकान त्याच्यावर खेकसली. “पेला आण, खातुना. अराकी भर.”

खातुनानं त्या कडक दारूनं पेला भरून दिला. गुलकाननं तलवारीच्या मुठीवरची चांदी खंजिरानं खरवडून त्यात पाडली. आमच्यात ही चांदी दोघांनी मिळून प्यायली की परका माणूस रक्ताचा होतो. राजाचा हुकूमसुद्धा मग ते नातं मोडू शकत नाही. आन्सोर आधी प्यायला. अराकी पेल्यात गोठली. गुलकाननं उरलेला बर्फाचा खडा तोंडात टाकून कडाकडा चावला आणि गिळला. पोटापर्यंत एक गार रेघ ओढली गेली.

“आन्सोरची बहीण, गुलकान शाल्बियानी,” ती म्हणाली.

आन्सोरनं इयाचा हात सोडला. पोरगी आईच्या अंगावर कोसळली आणि भोकाड पसरून रडायला लागली. “पाय गारठले माझे!” म्हणून रडत होती. इतकं गोड रडणं गुलकाननं कधी ऐकलं नव्हतं.

निघण्यापूर्वी तिनं एकदाच पात्यात पाहिलं. अंगणाच्या टोकाला तोब्रियान्यांची मेलेली माणसं वाट बघत उभी असणार, वडील असणार. पात्यात नुसता बर्फ दिसला, मशालीचा उजेड दिसला. स्वतःहून घर सोडून गेलेल्याला त्या घरचे मेलेले कुठल्याच पात्यात तोंड दाखवत नाहीत. वडील आता तिचे नव्हते. हे तिच्या हिशेबात नव्हतं, आणि तिला तिथेच उभ्या-उभ्या रडू कोसळलं. आन्सोर थांबून राहिला. मग दोघं ओढा ओलांडून गेली.

या वेळी पहिल्याच ठिणगीला चूल पेटली. गुलकाननं मोडका बाक सरळ केला, छताच्या साखळीला गंजकी कढई अडकवली, वाटेत खातुनानं हातात कोंबलेलं पीठ आणि चीज शिजायला टाकलं. धूर छपरातून वर गेला. पात्यात बघायची गरजच नव्हती. मेलेल्याबरोबर चांदी प्यायल्यापासून सगळे तिला नुसत्या डोळ्यांनी दिसत होते, हात शेकत असलेले, एकमेकांना कोपरानं ढकलत असलेले. निरोप झाला तरी यांना जायची घाई नव्हती. एवढ्या वर्षांनी घर गरम झालं होतं. त्यांना अजून आगीवर विश्वास बसत नव्हता.

रस्सा उकळला तेव्हा बाहेर बर्फ करकरला.

दारात सोझार उभा होता. अनवाणी, डोक्यावर टोपी नाही, कमरेचा पट्टा गळ्यात अडकवलेला. मारणारा मेलेल्याच्या वारसाकडे स्वतःहून येतो तेव्हा असाच येतो. त्यानं उंबऱ्यावर गुडघे टेकले आणि मान पुढे केली.

“मी सोझार तोब्रियानी. आन्सोर शाल्बियानीला मी मारलं. पाठीमागून मारलं.” गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडून तो म्हणाला. मग हळूच, “खातुनाला सांगितलंय मी. ती तुला दोष देणार नाही.”

चुलीभोवतीचे सगळे डोळे गुलकानवर लागले. कुणाच्या पोटात खंजिराची जखम होती, कुणाच्या कपाळावर कुऱ्हाडीची, आणि त्यातल्या बऱ्याच तिच्या बापानं, आजानं केलेल्या. ते काही मागत नव्हते, पण वाट बघत होते. गुलकाननं तलवार उपसली. हाच भाऊ लहानपणी तिच्या पाठंगुळी बसून ओढा ओलांडायचा.

मग तिनं मान वळवली. “आन्सोर, एक सांग. तू त्या दिवशी आमच्या घरी कशाला निघाला होतास?”

आन्सोर जरा ओशाळला, एवढ्या मोठ्या दाढीआड.

“घरात एकटाच उरलो होतो,” तो म्हणाला. “एकट्यासाठी शिजवायचा कंटाळा यायचा. म्हटलं, तुमच्याकडे जेवायला बसू का, एवढं विचारून बघावं. फार तर नाही म्हणाल.”

उंबऱ्यावर सोझारच्या तोंडून असा आवाज निघाला, जसा जनावराच्या तोंडून निघतो.

गुलकाननं तलवार म्यान केली. पहिल्यांदा टोक म्यानाच्या बाहेरच गेलं. आन्सोरनं बाकावरच्या म्हातारीला खुणावलं. म्हातारी कुरकुरत सरकली, तिच्या पलीकडचे दोघं सरकले, आणि आन्सोरच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

“ऊठ,” गुलकान म्हणाली. “आत ये. पट्टा काढ गळ्यातला.”

सोझार उठला, बसला, परत उठला. शेवटी त्या जागेवर जाऊन बसला. गुलकाननं सगळ्यांपुढे वाडगे मांडले, एकेकाला नाव विचारून आणि मोठ्यानं घेऊन. पहिला वाडगा तिनं सोझारपुढे ठेवला.

वाफा वर चढायला लागल्या, तरी एकाही मेलेल्यानं वाडग्यावर मान वाकवली नाही. सगळे सोझारकडे बघत होते. दारी आलेला पाहुणा जेवल्याशिवाय घरच्यांना जेवता येत नाही, आणि त्यांना भूक फार लागली होती. सोझारनं घास तोंडात घातला, पण तो घशाखाली उतरेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आन्सोर त्याच्याकडे न बघता, मुद्दाम चुलीकडे बघत थांबून राहिला.

“गिळ,” गुलकान हलकेच म्हणाली. “सगळे थांबलेत.”

सोझारनं डोळे मिटले आणि घास गिळला.